कोसीचा पंखा आणि तिच्या धारा

नेपाळमधील चतरा या ठिकाणी कोसी नदी डोंगर सोडते. तोवर ती दोन्ही अंगांच्या कड्यांत घट्ट बांधलेली असते. चतऱ्याच्या दक्षिणेला मात्र गंगेपर्यंत सपाट मुलूख पसरलेला आहे आणि त्यात नदीला अडवील असा एकही खडक नाही. घळईतून सुटलेले पाणी येथे वाट फुटेल तिकडे जाऊ शकते, आणि गेली अडीचशे-तीनशे वर्षे ते तसे गेल्याच्या नोंदी नकाशांत, महसुली दप्तरांत आणि गावोगावच्या बोलण्यात शिल्लक आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोसी पूर्णिया शहराजवळून वाहत होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती तेथून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, सुपौल आणि सहरसाच्या पलीकडे, दरभंग्याच्या सीमेला लागली होती.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही गोष्ट सहजी पटत नाही, त्याला कारण आहे. गोदावरी, कृष्णा, भीमा या नद्या काळ्या कातळावरून, स्वतः कोरलेल्या खोलगट पात्रातून वाहतात. पावसाळ्यात घाट बुडतात, देवळांत पाणी शिरते, लोक पुराच्या खुणा भिंतीवर कोरून ठेवतात. पण पाणी ओसरले की नदी पुन्हा जुन्या पायऱ्यांपाशीच सापडते. नाशिकला किंवा वाईला पेशवाईत बांधलेले घाट आजही नदीला लागून आहेत. कोसीच्या मुलखात घाट बांधणाऱ्याला नातवाच्या काळी नदी तेथे असेल असे धरून चालता येत नाही. उत्तर बिहारमध्ये नदीकाठ ही कायमची जागा नाही. ती एका पिढीपुरती असते, कधी तेवढीही नसते.

कोसीचा हा स्वभाव समजायचा तर आधी डोंगरात जावे लागते. नेपाळात तिला कोशी म्हणतात आणि तिचे पूर्ण नाव सप्तकोशी. इंद्रावती, सुनकोसी, तामाकोसी, लिखू, दूधकोसी, अरुण आणि तमोर हे ते सात प्रवाह. पहिल्या पाचांपैकी बाकीचे चार एकामागून एक सुनकोसीत मिळतात. मग त्रिवेणी येथे पश्चिमेकडून सुनकोसी, उत्तरेकडून अरुण आणि पूर्वेकडून तमोर अशा तिन्ही नद्या एकत्र येतात. त्रिवेणीच्या खाली वराहक्षेत्राचे तीर्थ आहे आणि तेथून थोड्याच अंतरावर चतरा. नदीची लांबी सुमारे ७२० किलोमीटर आणि पाणलोट क्षेत्र ७० हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू ही शिखरे आणि कांचनगंगेचा पश्चिम उतार यांवरचे बर्फ वितळून शेवटी याच एका घळईतून खाली येते. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र आपली बहीण सत्यवती हीच कौशिकी नदी झाल्याचे सांगतात. ती कौशिकी म्हणजे कोसी असे परंपरा मानते.

सातांपैकी अरुण ही सर्वांत विलक्षण. तिचा उगम हिमालयाच्या पलीकडे तिबेटात आहे. तेथे फुंगछू या नावाने ती बराच काळ पूर्वेकडे, पर्वतरांगेला समांतर वाहते आणि मग एकदम दक्षिणेकडे वळून हिमालयाच्या मुख्य रांगेला आरपार छेदते. एव्हरेस्ट आणि मकालू तिच्या पश्चिमेला राहतात, कांचनगंगा पूर्वेला. जगातील सर्वांत उंच पर्वत एका नदीने कापावा, हे कसे घडले? १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झालेले भूवैज्ञानिक लॉरेन्स वेजर यांनी १९३७ साली यावर लेख लिहिला. नदी पर्वताहून जुनी आहे. पर्वत जसजसा वर उठत गेला तसतशी ती त्याला कापत राहिली, असे त्यांनी मांडले. भूगोलाच्या पुस्तकांत ‘पूर्ववर्ती नदी’चे उदाहरण म्हणून अरुणचे नाव येते ते यामुळे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने वेगळी शक्यता पुढे आणली. सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी अरुण कोसीच्या जाळ्याला जोडली गेली, तिने वाहून नेलेल्या खडकाच्या ओझ्यातून मोकळे झालेले कवच थोडे वर आले आणि त्यामुळे एव्हरेस्टची उंची १५ ते ५० मीटरांनी वाढली असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे खरे ठरले तर कोसीच्या मार्गातला सर्वांत मोठा बदल बिहारात नसून हिमालयाच्या माथ्यावर झाला, असे म्हणावे लागेल.

अरुणचे पाणलोट कोसीच्या निम्म्याहून अधिक असले तरी त्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत, तिबेटच्या कोरड्या पठारावर येतो. म्हणून पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तिचा नाही. तो सुनकोसीचा आहे. नदीचे बहुतेक पाणी जून ते ऑक्टोबर या काळातच वाहून जाते. त्याच्याबरोबर वाळू, रेती आणि पोयटा येतो. या गाळाचा अंदाज वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास केला जातो. नेपाळचे डोंगर कोवळे, उतार तीव्र, पाऊस मुसळधार आणि भूकंप वारंवार होणारे. त्यामुळे दरडी कोसळतच राहतात. ४ ऑगस्ट १९८५ रोजी दूधकोसीच्या खोऱ्यात डिग त्शो हे हिमनदीचे सरोवर फुटले आणि नुकताच उभा राहिलेला जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. २ ऑगस्ट २०१४ रोजी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात जुरे येथे अख्खा डोंगर सुनकोसीत उतरला, नदी अडली, मागे तळे साचले आणि ते एकदम फुटेल या भीतीने शेकडो किलोमीटर खाली बिहारमध्ये कोसीकाठची गावे रिकामी करावी लागली. वृक्षतोड थांबली की गाळ थांबेल असे अनेकदा सांगितले जाते. झाडे लावावीतच, पण गाळाचे मूळ पर्वताच्या घडणीत आहे आणि माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून तो वाहत आलेला आहे.

चतऱ्याच्या खाली नदीचा उतार झपाट्याने कमी होतो. घळईच्या तोंडाशी जमीन किलोमीटरमागे मीटरभर उतरत असेल, तर गंगेजवळ तोच उतार काही सेंटीमीटरांवर येतो. वेग घटला की ओझे पेलवत नाही. आधी गोटे, मग जाड वाळू, त्यानंतर बारीक रेती आणि शेवटी पोयटा, अशा क्रमाने नदी गाळ खाली टाकत जाते. पात्र भरते, प्रवाह दुभंगतो, मधे बेटे उभी राहतात आणि वेणीच्या पेडांसारखे अनेक ओघ एकमेकांत गुंततात. वर्षामागून वर्षे असे चालले की पात्राचा तळ आजूबाजूच्या शेतांहून उंच होतो. उंचावर वाहणारे पाणी सखल वाट शोधते. एखाद्या पावसाळ्यात काठ ढासळतो आणि नदी शेजारच्या खोलगट भागात उतरते. काही दशकांत तोही भाग भरून निघतो. याला पात्रांतर म्हणतात.

पात्रांतरे होत होत चतऱ्यापासून गंगेपर्यंत गाळाचा एक अवाढव्य पंखा तयार झाला आहे. त्याची मूठ चतऱ्याला आणि झालर गंगेच्या काठाला. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे १५० किलोमीटर, आणि क्षेत्रफळ १५ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्ह्याएवढे. उपग्रहाच्या चित्रात हा पंखा साध्या डोळ्यांनी ओळखू येतो. मूठ सोडून किनारीकडे पसरत गेलेल्या जुन्या पात्रांच्या रेघा त्यावर दिसतात. ‘कोसीने पात्र सोडले’ ही भाषा रूढ असली तरी ती थोडी फसवी आहे, कारण हा सगळा पंखाच कोसीचे पात्र आहे. ती त्याचा एक पट्टा वापरते, तो भरला की दुसरा घेते, आणि या फिरण्यातूनच ही जमीन निर्माण झालेली आहे. तिच्यावरची गावे, शेते, बाजारपेठा आणि रेल्वेस्थानके नंतर आली.

नदी निघून गेली तरी तिची जुनी वाट नाहीशी होत नाही. या भागात अशा वाटेला ‘धार’ म्हणतात. सुरसर, मिरचैया, तिलावे, धेमुरा, हिरन, लोरन, बरंडी अशी नावे पंखाभर विखुरलेली आहेत. हिवाळ्यात धारेत पाण्याचे डबके किंवा नुसती ओली माती असते. पावसाळ्यात ती पुन्हा वाहते. धारांच्या मधल्या सखल जागी ‘चौर’ म्हणजे उथळ पाणथळी तयार होतात. तेथे मासे मिळतात आणि मखाना पिकतो. मिथिलेच्या मखान्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या पिकाला हेच साचलेले पाणी लागते. नदीने नुकतीच सोडलेली जमीन मात्र बराच काळ वाळूने पडीक राहते. फणीश्वरनाथ रेणू पूर्णियाच्या याच मुलखातले. १९५७ साली आलेल्या त्यांच्या ‘परती : परिकथा’ या कादंबरीच्या केंद्रस्थानी कोसीने मागे टाकलेली पडीक जमीन आहे. त्या जमिनीला ‘परती’ हा शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून होता.

नदीच्या हालचालीचा लेखी पुरावा अठराव्या शतकापासून मिळतो. जेम्स रेनेल यांनी बंगालच्या मोजणीत तिचे तेव्हाचे पात्र नकाशावर आणले. १८०९-१० मध्ये पूर्णियाची पाहणी करताना फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी एक लोकपरंपरा टिपून ठेवली. तिच्यानुसार फार पूर्वी कोसी आणखी पूर्वेला, ताजपूरवरून वाहत जात असे आणि गंगेला न मिळता थेट ब्रह्मपुत्रेला मिळत असे. १८९५ साली एफ. ए. शिलिंगफोर्ड यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात कोसीच्या बदलत्या पात्रावर एक निबंध लिहिला आणि त्यातून संभवणाऱ्या धोक्यांचीही चर्चा केली. कोसी टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकते आणि तो पल्ला संपला की एका मोठ्या झोक्यासरशी पूर्वेकडे परतते, असे त्यांचे म्हणणे होते. कोसीवरील जुन्या लिखाणात इतके दूरचे पाहणारा दुसरा निबंध क्वचितच असेल.

या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ साली मुंबई इलाख्यात झाली. देशभरातल्या नद्यांच्या प्रतिकृती तयार करून त्यांच्यावर प्रयोग करण्याचे काम तेथे चालत आले आहे, आणि त्यांत कोसीही होती. त्याच संस्थेतील सी. व्ही. गोळे आणि एस. व्ही. चितळे यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आजही कोसीवरील प्रत्येक गंभीर लेखनात उल्लेखला जातो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत नदी त्रिभुज प्रदेशासारखी रचना उभी करते आहे, ही त्यांची मांडणी. १७३६ ते १९६४ या २२८ वर्षांत नदी सुमारे ११२ किलोमीटर पश्चिमेला गेल्याचे त्यांनी नकाशांवरून दाखवले. एका बाजूला गाळ साचून जमीन उंच झाली की नदी त्या उंचवट्यावरून शेजारी घसरते, म्हणून हे सरकणे घडते, असे त्यांनी सांगितले.

पश्चिमेकडचा हा प्रवास खरोखर एकाच दिशेने झाला का, याबद्दल मात्र पुढे शंका घेतल्या गेल्या. वेल्स आणि डॉर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८७ साली पात्रांतरांचा मोठे पूर आणि भूकंप यांच्याशी मेळ घालून पाहिला. त्यांना ठळक संबंध आढळला नाही. कोलकात्याच्या तपन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जुने नकाशे पुन्हा तपासले. नदी सतत पश्चिमेकडे सरकत नव्हती, ती मागेपुढे झुलत होती आणि बऱ्याच काळात मुख्य प्रवाह पंख्याच्या मधल्या भागातच होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जुन्या नकाशांत एकाच वेळी अनेक ओघ दाखवलेले असतात, त्यांपैकी मुख्य कोणता हे ठरवताना मतभेद होतात, आणि वादाचे मूळ तेथेच आहे. नदी पुन्हा हलणारच, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नाही.

हलणाऱ्या नदीवर पूल टिकत नाही. निर्मली आणि सरायगढ यांच्यामध्ये १८८७ साली रेल्वेमार्ग झाला. पश्चिमेकडे सरकत आलेल्या नदीचे पूर आणि १५ जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप यांत तो नष्ट झाला आणि मिथिलेचे दोन तुकडे झाले. या दोन गावांमधले २२ किलोमीटरचे अंतर रेल्वेने जायचे तर वळसा घालून जवळपास ३०० किलोमीटर झाले. सोयरिकी तुटल्या, बाजार बदलले, एकाच बोलीची माणसे दोन्ही काठांवर परकी झाली. रस्त्याचा महासेतू २०१२ साली आणि रेल्वेचा १८ सप्टेंबर २०२० रोजी खुला झाला. मधली ८६ वर्षे म्हणजे तीन पिढ्या.

नदीला बांध घालावा की नाही, हा वादही जुना आहे. १८९७ च्या कलकत्ता परिषदेत कोसीला सलग बांध घालणे व्यवहार्य मानले गेले नाही. १९३७ च्या पाटणा परिषदेत बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी बांधांना उघड विरोध केला. बांधांमुळे पूर कमी होत नाहीत, उलट वाढतात, असे त्यांचे मत होते. एप्रिल १९४७ मध्ये निर्मलीच्या परिषदेत वराहक्षेत्राला उंच धरण बांधण्याचा विचार जाहीर झाला, पण खर्च आणि काळ दोन्ही आवाक्याबाहेरचे होते. १९५३ च्या पुरानंतर मात्र काही तरी लवकर करणे भाग पडले. १९५४ मध्ये कंवर सेन आणि के. एल. राव हे अभियंते चीनला जाऊन पीत नदीचे बांध पाहून आले आणि बांधांच्या बाजूने मत तयार झाले. २५ एप्रिल १९५४ रोजी भारत-नेपाळ करार झाला. १४ जानेवारी १९५५ रोजी निर्मलीजवळ काम सुरू झाले आणि हजारो गावकरी श्रमदानाला आले. त्या माणसांची श्रद्धा खरी होती. नदी आता जागेवर राहील, शेत आपले राहील, एवढेच त्यांना हवे होते. नेपाळच्या हद्दीत, सीमेला लागून ५६ दरवाजांचे आणि सुमारे ११५० मीटर लांबीचे बॅरेज बांधले गेले. ते साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलेल असे आखलेले होते.

बांधांनी कोसीला पंख्याच्या पश्चिमेकडच्या कडेला धरून ठेवले. पूर्वेकडच्या मोठ्या मुलखाला त्यामुळे काही दशके स्थैर्य मिळाले, कालव्याचे पाणी आले, पडीक जमीन लागवडीखाली आली. हा फायदा नाकारता येत नाही. गाळ मात्र थांबला नाही. पूर्वी तो पंखाभर पसरत असे, आता दोन बांधांमधल्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यातच बसू लागला. कित्येक ठिकाणी आतला तळ बाहेरच्या शेतांहून उंच झाला. या पट्ट्यात सुमारे ३८० गावे अडकली. नदीने घर कापले की ती माणसे बेटावरून बेटावर जातात आणि दरवर्षी नव्याने झोपडी उभी करतात. बाहेरच्यांचे दुःख वेगळे. बांधामुळे पावसाचे पाणी आणि छोट्या नद्यांचे पाणी कोसीत जाऊ शकत नाही, ते बाहेर साचते आणि शेते महिनोन्महिने पाण्याखाली राहतात. दिनेश कुमार मिश्र या अभियंत्याने या दोन्ही बाजूंच्या लोकांमध्ये अनेक वर्षे हिंडून ‘दुइ पाटन के बीच में’ हा ग्रंथ लिहिला. कोसीबद्दल लिहिणाऱ्या कोणालाही तो टाळून पुढे जाता येत नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी बिहारमध्ये सुमारे १६० किलोमीटर बांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर धरले जाई. बांधांची लांबी तीन हजार किलोमीटरांपलीकडे गेली, तेव्हा ते क्षेत्र ६८ लाख हेक्टरांहून अधिक झालेले होते.

बांध फुटतही राहिले. १९६३ साली नेपाळमध्ये डलवा, १९६८ साली जमालपूर, १९७१ साली भटनिया, १९८० साली बहुअरवा. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये नवहट्ट्याजवळ पूर्वेचा बांध तुटला आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसे बेघर झाली. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये ९ लाख १३ हजार क्युसेक प्रवाह नोंदवला गेला. एवढा पूर त्याआधीही नोंदलेला नाही आणि नंतरही आलेला नाही.

१८ ऑगस्ट २००८ रोजी बॅरेजच्या वर सुमारे १२ किलोमीटरांवर, नेपाळमधील कुसहा येथे पूर्वेचा बांध फुटला. त्या दिवशी नदीत दीड लाख क्युसेकच्या आसपासच पाणी होते. कोसीच्या मानाने हा पूरच नव्हे. बॅरेज ज्यासाठी आखले होते त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही तो कमी होता. उंचावलेला तळ आणि पूर्वेच्या बांधाला घासत जाणारा प्रवाह यांनीच ते काम केले. नदीचे बहुतेक पाणी खिंडारातून बाहेर पडले आणि सुरसर, मिरचैया यांसारख्या जुन्या धारांच्या वाटेने सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा आणि पूर्णिया या जिल्ह्यांत पसरले. पूर्वेकडची ही झेप काही अभ्यासकांनी १२० किलोमीटर मोजली आहे. पन्नास वर्षांत ज्या गावांनी कोसी पाहिलेली नव्हती, जेथे धारेत घरे आणि तिच्यावरून रस्ते झाले होते, तेथे नदी काही दिवसांत पोहोचली. बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला, नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यात सुमारे पन्नास हजार माणसे विस्थापित झाली. केंद्र सरकारने ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे जाहीर केले. शिलिंगफोर्ड यांनी लिहून ठेवलेला झोका तो हाच.

२००९ च्या सुरुवातीला खिंडार बुजवून नदी पुन्हा बांधांमध्ये आणली गेली. ती निघून गेलेल्या पट्ट्यात सुपीक शेतांवर वाळूचा थर राहिला. काही ठिकाणी तो कमरेइतका होता. कोसीचा मुख्य प्रवाह आजही त्याच बांधांमधून दक्षिणेला जातो, कमला आणि बागमतीचे पाणी घेतो आणि कटिहार जिल्ह्यात कुर्सेलाजवळ गंगेला मिळतो.

वराहक्षेत्राच्या उंच धरणाचा प्रस्ताव १९४७ पासून जिवंत आहे. आता त्याची उंची २६९ मीटर धरली जाते आणि २००४ मध्ये त्याच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांचे संयुक्त कार्यालय सुरू झाले. वरच्या गाळाने जलाशय किती वर्षांत भरेल, आणि १९३४ व २०१५ सारखे भूकंप होणाऱ्या प्रदेशात एवढे धरण किती सुरक्षित राहील, हे त्यातले दोन कठीण प्रश्न आहेत. दरम्यान २८-२९ सप्टेंबर २०२४ रोजी बॅरेजमधून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी सोडावे लागले. १९६८ नंतरचा हा सर्वांत मोठा प्रवाह होता. या वेळी पश्चिमेचा बांध दरभंगा जिल्ह्यातील किरतपूर भागात तुटला. बाहेरची जमीन नदीच्या तळाहून सखल असल्याने आत शिरलेले पाणी आपोआप नदीत परतू शकले नाही आणि लोक तुटलेल्या बांधाच्या उरलेल्या उंचवट्यावर ताडपत्री बांधून राहिले.